शब्दकोड्यातली स्थानकं: विशेषनाम चालतं का?

प्रश्न असा आहे. मुंबईच्या लोकल स्थानकांवर बेतलेलं एक शब्दकोडं मुलुंडच्या एका वाचकांनी सोडवायला घेतलं. एका आडव्या शब्दाचं शोधसूत्र होतं 'मध्य रेल्वेवरील स्थानक', घरं तीन. त्यांनी 'भांडुप' भरलं. पण मधल्या घरातून जाणारा उभा शब्द 'खडू' निघाला आणि डु की डू यावर गाडी अडली. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: बरोबर कोण, आणि मुळात विशेषनामाला कोड्यात शब्द म्हणून जागा द्यावी का.

पहिली गोष्ट सरळ आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे तत्सम नसलेल्या शब्दात शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ. म्हणून फूल, वकील, गरीब. म्हणून नाहूर, माहीम, चेंबूर आणि भांडूप. मुलुंडचा लुं मात्र ऱ्हस्व, कारण त्यावर अनुस्वार आहे, झुंड किंवा खुंटसारखा. तेव्हा कोडेकाराचा 'भांडूप' नियमाला धरून आहे. पण सामान्यरूपात हाच उकार ऱ्हस्व होतो. भांडुपात, चेंबुरात, माहिमात असं आपण योग्यच लिहितो आणि ते रूप डोळ्यांत बसतं. शिवाय गावाचं नाव माणूस कोशातून शिकत नाही, पत्त्यातून शिकतो. 'भांडुप' लिहिणाऱ्याला चूक ठरवून पुढे जाणं मला पटत नाही.

माझी हरकत डु-डूला नाहीच, शोधसूत्राला आहे. मध्य रेल्वेवर दादर, परळ, माटुंगा, विक्रोळी, नाहूर, भांडूप, मुलुंड, कळवा ही सगळी तीन-तीन घरांची स्थानकं. यातलं एक निवडायला सोडवणाऱ्याच्या हाती अर्थाचा धागा एकही नाही. सामान्य शब्द अडला तर समानार्थी आठवता येतो, वाक्यात वापरून पाहता येतो, शेवटी कोश उघडता येतो. विशेषनाम माहीत तरी असतं किंवा नसतं, त्यामुळे सगळा भार छेदणाऱ्या अक्षरांवर पडतो. आणि मराठीत एक घर म्हणजे एक पूर्ण अक्षर. इंग्रजी कोड्यात एका घराला पर्याय सव्वीस. आपल्याकडे चौतीस व्यंजनांची बाराखडी धरली तरी चारशेच्या वर जातात, जोडाक्षरं वेगळीच. नावाचं एक घर उघडं राहिलं तर अंदाज बांधणं जवळजवळ अशक्य. म्हणून माझं मत ठाम आहे: विशेषनाम जरूर घ्यावं, पण त्याच्या प्रत्येक घरातून सामान्य शब्द गेला पाहिजे. नावाला नाव कधीच छेदू नये.

या कोड्यात एक उत्तर 'एल्फिन्स्टन' होतं. ए, ल्फि, न्स्ट, न. ल्फि या घराला 'डॉल्फिन' तरी भेटतो. न्स्टसाठी मराठी शब्द कुठून आणणार? कोडेकाराने ते घर कशानेच छेदलेलं नाही, म्हणजे सर्वांत अवघड अक्षर सोडवणाऱ्याच्या आठवणीवर सोडलं. त्यात स्थानकाचं नाव जुलै २०१८पासून प्रभादेवी आहे. 'जुनं नाव' एवढे दोन शब्द शोधसूत्रात हवेच होते. किंवा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांची ओळख द्यायची, की नावामागचा माणूसही कळला असता.

थीमही नीट पाळलेली नाही. उत्तरांत 'लालबाग' आहे. लालबागला जायला करी रोडला किंवा चिंचपोकळीला उतरतात, लालबाग नावाचं लोकलचं स्थानक नाही. थीम एकदा जाहीर केली की ती सोडवणाऱ्याच्या हातातली काठी होते. तिच्यावर भार टाकून तो अक्षरं भरतो, म्हणून एकही अपवाद क्षम्य नाही.

पण खरी हळहळ वेगळी आहे. स्थानकांची थीम मराठीत फार देखणी होऊ शकते, कारण यातली कितीतरी नावं मुळात साधे शब्द आहेत. दादर म्हणजे जिना. परळ म्हणजे मातीचं पसरट भांडं. शीव म्हणजे हद्द. खार झाडावर पळते, दिवा तिन्हीसांजेला लागतो, कळवा म्हणजे निरोप द्या. ठाणे तर पोलिसांचंही असतं. शोधसूत्रं अशी अर्थाची दिली असती तर नागपूरच्या किंवा बेळगावच्या वाचकालाही कोडं सुटलं असतं, आणि सगळे शब्द भरून झाल्यावर ही तर स्थानकं, हे आपोआप उमगलं असतं. विशेषनामाचा प्रश्नच उरला नसता. लोकलमधून रोज जाणाऱ्याला परळ नावाचं भांडं असतं हे पहिल्यांदा समजलं असतं, तो वेगळाच लाभ. इतकं हाताशी असताना 'मध्य रेल्वेवरील स्थानक' यावर समाधान मानलं गेलं, याचं वाईट वाटतं.

दोन रूढ नावं असलेल्या स्थानकांबद्दलही याच वाचकांनी विचारलं आहे. शीव आणि सायन यांत गोंधळ नाही, घरं मोजली की दोन किंवा तीन ठरतात. वांद्रे आणि बांद्रा मात्र दोन्ही दोन घरांचे. तिथे दोन्ही घरं छेदलेली हवीत: वां साठी वांगी, द्रे साठी केंद्रे.