सायन्स हा शास्त्रापेक्षा शस्त्राच्या जवळचा शब्द

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय की मुलगी इथे इंदूरला हिंदी मिडियमला आहे, तिच्या पुस्तकावर ‘रसायन विज्ञान’ छापलेलं असतं, पुण्याची मामेबहीण ‘रसायनशास्त्र’ म्हणते आणि घरात सगळे नुसतं सायन्स, तर बरोबर कोणतं.

ताई, ‘पोरगा सायन्सला गेला’ वगैरे अर्थ सगळ्यांना कळतात, ते सोडून देतो. आधी मला रोज खटकतं ते सांगतो. उंबऱ्यावर बसू नको, यामागे सायन्स आहे. रात्री नखं कापू नको, सायन्स आहे. अहो, त्यामागे फार तर शास्त्र असेल! शास्त्र हा शास् धातूचा शब्द, शास् म्हणजे आज्ञा करणं, शिकवणं, वळण लावणं, शासन, अनुशासन, शिष्य ही सगळी त्याच घरातली मंडळी. कोणीतरी घालून दिलं आणि आपण पाळलं, ते शास्त्र. म्हणून तर पोट भरलेल्या पाहुण्याला आपण ‘शास्त्रापुरता एक घास घ्या’ म्हणतो, तिथे ‘सायन्सपुरता’ म्हणून बघा बरं.

आता सायन्स. बऱ्याच छोट्या डिक्शनऱ्या लॅटिन स्किएन्शिया म्हणजे ज्ञान एवढं सांगून थांबतात, आणि खरी मजा तिथूनच सुरू होते. मूळ क्रियापद स्किरे, जाणणं, आणि त्याच्याही मागे बरेच भाषाशास्त्री जो धातू धरतात त्याचा अर्थ कापणं, चिरणं, वेगळं करणं! आपला छिद् त्याच घराण्यातला, म्हणजे छेद, छिद्र, छिन्नविच्छिन्न हे सगळे सायन्सचे भाऊबंद. काही लॅटिनवाले इथे शंका घेतात, कापण्याचा आणि जाणण्याचा काय संबंध म्हणून, त्यांनी आपला ‘विवेक’ हा एक शब्द बघावा, तो विच् धातूचा, विच् म्हणजे वेगळं करणं, धान्य पाखडणं. सूप हातात धरून दाणा एकीकडे आणि फोल एकीकडे करणाऱ्या बाईला हा संबंध समजावून सांगावा लागत नाही, या विद्वानांना लागतो. (याच स्किरेला नकार जोडून नेस्कियस झाला, म्हणजे अडाणी, आणि त्यातून इंग्रजीतला नाइस, जो आधी मूर्ख या अर्थानं वापरायचे.)

आणि म्हणून मी म्हणतो की अर्थानं बघितलं तर सायन्स शास्त्रापेक्षा शस्त्राच्या जवळ आहे. शस्त्र हे शस् धातूचं, शस् म्हणजे कापणं. शास्त्र आणि शस्त्र एकाच मुळातले असं भाषणांत ठोकून देणाऱ्यांनी नीट बघावं, एका कान्यानं धातूच वेगळा होतो.

बरं, शास्त्र मागासलेलं म्हणून सगळीकडे विज्ञानच म्हणा असा आग्रह धरणाऱ्यांचंही मला पटत नाही. विज्ञान हा शब्द काय कोरा आहे का? बौद्ध ज्या पाच स्कंधांचा, म्हणजे घटकांचा, माणूस बनलेला मानतात, त्यांत विज्ञान म्हणजे जाणीव. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, ‘विज्ञानं शिल्पशास्त्रयोः’, म्हणजे मोक्षाकडे लागलेली बुद्धी ते ज्ञान आणि शिल्पात, शास्त्रात लागलेली ते विज्ञान. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात तर सरळ ‘येर प्रपंचु हें विज्ञान’. सातशे वर्षांपूर्वी माउलींनी विज्ञानाला प्रपंचात बसवलं, मला तर आजच्या अर्थाला ते फार जवळचं वाटतं. आपल्या भंवरकुआंजवळच्या १८९१ सालच्या होळकर कॉलेजच्या सरकारी नावात ‘शासकीय’ आणि ‘विज्ञान’ एकत्र बसलेत, शास् आणि ज्ञा दोन्ही एकाच पाटीवर, कधी गेलात तर वाचा.

हां, मुलीचं राहिलंच. दोन्ही बरोबर. मराठीत शास्त्र पूर्वीपासून ऐसपैस आहे, पाकशास्त्रापासून खगोलशास्त्रापर्यंत सगळं त्यात मावतं, म्हणून रसायनशास्त्र आणि शास्त्रज्ञ (शास्त्री नाही, शास्त्री वेगळे). हिंदीत अर्थशास्त्र, समाजशास्त्र चालतं, पण लॅबमधल्या विषयांना बहुतेक विज्ञान, आणि माणसाला वैज्ञानिक. घरी तिला रसायनशास्त्र म्हणू द्या, पेपरात मात्र पुस्तकात आहे तेच लिहू दे, उगाच मार्क कापले जायला नकोत.