विंडोज १० च्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर गेम चालतील का?

तुमचा लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेलचा, त्यात जीटीएक्स १०५० ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ त्याला चालत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले. लिनक्सवर विचर ३, जीटीए ५ आणि व्हॅलोरंट खेळता येतील का, असं तुम्ही विचारलंय.

विचर ३ व्यवस्थित चालेल. जीटीए ५ ची स्टोरी चालेल, ऑनलाइन नाही. व्हॅलोरंट अजिबात चालणार नाही, आणि त्यासाठी यूट्यूबवर जुगाड शोधत रात्री जागवू नका.

असं का, हे एकदा कळलं की पुढच्या कुठल्याही गेमचा अंदाज तुमचा तुम्हालाच बांधता येईल. विंडोजच्या प्रोग्रामने मागितलेलं काम लिनक्सकडून करून घेणारं वाइन १९९३ पासून आहे. साधे प्रोग्राम त्यावर चालायचे, पण थ्रीडी गेम कित्येक वर्षं रडतखडतच चालले. व्हॉल्व कंपनीने २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम हे आपलं गेमचं ऑनलाइन दुकान आणलं, २०१५ मध्ये इतर कंपन्यांकरवी स्टीम मशीन नावाचे पीसीही बाजारात उतरवले. ते चालले नाहीत, कारण प्रत्येक स्टुडिओने आपला गेम लिनक्ससाठी वेगळा बनवावा अशी ती अपेक्षा होती आणि इतक्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी तो खर्च कोण करणार?

खरी कलाटणी त्यानंतर मिळाली. २०१६ मध्ये व्हल्कन हे नवं ग्राफिक्स तंत्र आलं. फिलिप रेबोले या प्रोग्रामरने डीएक्सव्हीके लिहिलं; ते गेमच्या डायरेक्टएक्स ११ च्या (विंडोजच्या ग्राफिक्स तंत्राच्या) सूचना चालू गेममध्येच व्हल्कनमध्ये बदलतं. वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र करून व्हॉल्वने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन दिलं. स्टुडिओची वाट बघायची गरजच संपली. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे व्हॉल्वचं हातात धरून खेळायचं यंत्र याच पायावर उभं आहे, आणि त्यामुळे आता स्टुडिओ स्वतःहून प्रोटॉनवर गेम तपासून बघतात. स्टीमच्या ऑक्टोबर २०२५ च्या सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांवर गेला. आकडा लहान वाटेल, पण एक टक्क्याभोवती घुटमळण्यात गेलेली वर्षं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी तो खूप मोठा आहे.

मग व्हॅलोरंट कुठे अडतं? त्याचं व्हॅनगार्ड हे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये (म्हणजे गाभ्यात), लॅपटॉप सुरू होतानाच बसतं. वाइनमध्ये विंडोजचं कर्नल नसतंच, तर ते बसणार कुठे? लीग ऑफ लेजेंड्स वाइनवर मजेत चालायचं. २०२४ मध्ये त्यालाही व्हॅनगार्ड लावलं आणि ते बंद पडलं.

जीटीएची गोष्ट वेगळी आहे आणि मला तीच जास्त खटकते. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट या चीटिंग पकडणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरनी २०२१ मध्येच प्रोटॉनला पाठिंबा जाहीर केला. गेम बनवणाऱ्या कंपनीने तो चालू करायचा असतो. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय लावलं, पण हा पाठिंबा चालू केला नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात एपेक्स लेजेंड्स या ऑनलाइन गेमने चालू असलेला लिनक्सचा रस्ता बंद केला. लिनक्सवरचे चीट पकडणं अवघड जातं, असं कारण दिलं. त्यात तथ्य आहे. लिनक्सचं कर्नल कुणीही बदलून स्वतः बनवू शकतो. पण विंडोजवरही चीटिंग थांबलेलं नाही, आणि प्रामाणिक खेळाडूंना सरसकट बाहेर काढणं मला तरी पटत नाही. म्हणून कुठलाही ऑनलाइन गेम विकत घेण्याआधी कुठला गेम प्रोटॉनवर कसा चालतो ते खेळाडू जिथे लिहितात, त्या प्रोटॉनडीबी साइटवर लोकांचे ताजे अनुभव वाचा. जुने वाचून उपयोग नाही, चित्र एका अपडेटमध्ये पालटतं.

आता तुमच्या लॅपटॉपबद्दल. जीटीएक्स १०५० पास्कल पिढीचं कार्ड आहे. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही त्यासाठीची शेवटची मालिका, त्यामुळे ती टिकवून ठेवणारं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) घ्या. मी उबंटू किंवा मिंट सुचवेन. विचर ३ सुरू करताना डायरेक्टएक्स ११ निवडा. या कार्डावर १२ जड जातं. गेम विनाकारण अडखळत असेल तर आधी मँगोहड हे गेमवर माहिती दाखवणारं टूल लावून स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचं नाव बघा. बऱ्याचदा गेम एनव्हिडियाऐवजी इंटेलच्या चिपवर चालत असतो आणि लोक प्रोटॉनला दोष देत बसतात.

आणखी एक. डी ड्राइव्हवरचे डाउनलोड केलेले गेम तसेच लिनक्समधून चालवायचा मोह होईल. करू नका. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह बनवतं आणि त्यातल्या एका लिंकच्या नावातच कोलन असतो. विंडोजच्या डिस्कच्या एनटीएफएस या मांडणीवर विंडोजला असं नाव चालत नाही, मग गेम सुरूच होत नाही किंवा पुढे विंडोज डिस्कमध्ये चूक दाखवतं. लिनक्सच्या स्वतःच्या एक्स्ट४ मांडणीच्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) गेम पुन्हा उतरवून घ्या.

व्हॅलोरंट सोडवत नसेल तर विंडोज पुसू नका. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीला जागा असेल तर लिनक्स तिच्यावर टाका, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत. आणि त्याआधी विंडोजमधून स्टीम उघडून विचर ३ चे सेव्ह क्लाउडवर चढलेत ना, एवढं बघून घ्या.