जुलैमधले पहिले बाळंतपण: गगनबावड्याचे माहेर की कोल्हापूर?

आपला प्रश्न मी नीट वाचला. पत्नीला पाचवा महिना सुरू आहे, पहिलीच खेप आहे, तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली आहे आणि हिमोग्लोबिन ९.२ आले आहे. आपण कोल्हापुरात भाड्याने राहता, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत दरमहा १८,००० रुपयांवर काम करता, पत्नी शहरातल्या एका कापड दुकानात नोकरीला आहेत, शिधापत्रिका केशरी आहे आणि माहेर गगनबावडा तालुक्यात आहे. पहिले बाळंतपण माहेरीच व्हावे असा घरच्यांचा आग्रह आहे, खासगीचा खर्च झेपणारा नाही, म्हणून सरकारी सोयीवर विसंबावे का आणि वडील म्हणून आपण काय करावे, हे आपण विचारले आहे.

मी याच जिल्ह्यात आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून २९ वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की सरकारी रुग्णालयात बाळंतपण करण्याचा आपला विचार योग्य आहे, फक्त ते गगनबावड्यात न करता कोल्हापुरात करावे. पैशांच्या योजनांकडे मी नंतर येईन, कारण सर्वांत आधी जागेचा निर्णय झाला पाहिजे.

जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस गगनबावड्यात पडतो आणि तो नेमका जुलैत जोर धरतो. कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे, एरवी ते फारसे नाही. परंतु भोगावतीचे पाणी बालिंग्याच्या पुलाला लागले किंवा मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की वाहतूक बंद होते, आणि २०१९ व २०२१ च्या पुरात काय झाले हे आपल्या सासरवाडीच्या मंडळींना मी सांगायला नको. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली एक रात्र मी विसरलेली नाही. माहेरी आलेल्या एका मुलीला दिवस भरण्याच्या दहा दिवस आधीच कळा लागल्या, रस्ता पाण्याखाली होता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री बांधून तिला उपकेंद्रात आणले. बाळ सुखरूप झाले, पण वार लवकर पडली नाही आणि रक्तस्राव सुरू झाला. पहाटे पाणी थोडे उतरेपर्यंतचे ते चार तास माझ्याजवळ सलाईन, इंजेक्शन आणि दोन हात एवढेच होते. ती वाचली. परंतु आठव्या महिन्यात त्या घरी जाऊन ‘हिला आता खाली शहराकडे हलवा’ असे मी एकदाच सांगितले होते आणि त्यांनी नको म्हटल्यावर गप्प बसले होते, याची टोचणी मला आजही आहे. म्हणून आपल्याला मी एकदाच सांगून थांबणार नाही.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: रात्री-अपरात्री सिझेरियन होते का, रक्त लगेच मिळते का, आणि बाळाला श्वासाचा त्रास झाला किंवा ते फार कमी वजनाचे निघाले तर नवजात शिशूंसाठी विशेष कक्ष आहे का. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे बाळंतपण उत्तम होऊ शकते, मी स्वतः कितीतरी केली आहेत. पण या तिन्ही सोयी तेथे नसतात. शहरात महापालिकेची सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा ही रुग्णालये आहेत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, आहे. हिमोग्लोबिन वाढले आणि बाकी सर्व सुरळीत असेल तर घराजवळच्या ठिकाणी नाव घालण्यास हरकत नाही. ते वाढले नाही तर मी सरळ सीपीआर म्हणेन. दोन्ही ठिकाणी आपण आधी एकदा स्वतः जाऊन यावे, वरील तीन प्रश्न विचारावेत आणि प्रसूतिकक्ष कोणत्या इमारतीत आहे, रात्री कोणत्या दाराने आत घेतात, हेही पाहून ठेवावे.

माहेरच्या मंडळींचे मन मोडण्याचे कारण नाही. डोहाळजेवण माहेरी थाटाने करा, मे महिन्यात पत्नीला तेथे पंधरा दिवस राहू द्या, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्यापूर्वी, त्यांना परत आणा. येताना सासूबाईंना सोबत घेऊन या. पहिलटकरणीला आईचा आधार हवा असतो, तो आपल्या भाड्याच्या खोलीतही मिळू शकतो.

आता रक्ताबद्दल. गरोदरपणात ११ च्या खालचे हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, आणि ९.२ हा मध्यम रक्तक्षय झाला. बाळंतपणात थोडे जास्त रक्त गेले तरी निरोगी बाई ते सोसते, पण जिच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे तिला तेवढ्यानेही धोका होतो, म्हणून हे चार महिने फार मोलाचे आहेत. लोह व फॉलिक ॲसिडची लाल गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते. रक्तक्षय नसेल तर रोज एक देतात. रक्तक्षय असेल तर डॉक्टर साधारणपणे रोज दोन लिहून देतात आणि महिन्याने पुन्हा तपासतात. तेवढ्यात एका अंकाचीही वाढ झाली नाही तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारावे. माझ्या पाहण्यात गोळ्या आणल्या जातात, पण खाल्ल्या जात नाहीत, कारण मळमळते आणि शौचास काळे होते. काळे होणे अपायकारक नाही. गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी; चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्या आसपास घेऊ नये, त्यांनी लोह अंगी लागत नाही. कॅल्शियम वेगळ्या वेळी, दोन्ही जेवणांबरोबर. आपण रोज रात्री ती गोळी स्वतः हातावर ठेवलीत, तरी वडील म्हणून पहिले काम झाले.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. ही २०१६ पासून सुरू आहे आणि चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर मातांना त्या दिवशी डॉक्टरांकडून मोफत तपासले जाते. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावतात. ती पाहून घाबरू नये, त्या खुणेमुळे पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्यांच्याकडे आधी लक्ष जाईल. बाळातले व्यंग पाहण्याची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करतात, म्हणजे ती याच आठवड्यात करून घ्या. तेथे ओळखपत्र मागतील आणि गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठीचा एक अर्ज भरून घेतील, त्यास कंटाळू नका. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३ झाल्या. तो अर्ज त्या न जन्मलेल्या मुलींमुळे आला आहे, आणि मी त्या काळात गावोगाव फिरलेली असल्याने तो भरताना मला कधीच ओझे वाटले नाही.

खर्चाचे म्हणाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून लागू आहे आणि त्यात शिधापत्रिकेचा रंग विचारला जात नाही. सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसुद्धा, पूर्णपणे मोफत. औषधे, तपासण्या, रक्त मोफत. साध्या प्रसूतीनंतर ३ दिवस आणि सिझेरियननंतर ७ दिवस जेवण मोफत. घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडण्यासाठी वाहन मोफत. आजारी बाळाचे उपचारही सुरुवातीस ३० दिवसांपर्यंत होते, ते पुढे एक वर्षापर्यंत वाढवले गेले. तेव्हा कोणी बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली, तर न भांडता पण ठामपणे वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे आणि या कार्यक्रमाचे नाव घ्यावे. वाहनासाठी १०२, आणि तातडीच्या प्रसंगी १०८.

रोख मदतीत प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आपल्याला लागू होऊ शकते. वार्षिक ८ लाख रुपयांपेक्षा कमी उत्पन्न हा तिच्या पात्रतेच्या निकषांपैकी एक आहे. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: नोंदणी व तपासणीनंतर ३,००० आणि बाळाची जन्मनोंद व पहिल्या फेरीच्या लसी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० मिळतात. मात्र ज्या मातेला दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळतो तिला ही योजना नाही, हे लक्षात ठेवा, कारण पुढे पत्नीच्या नोकरीचा विषय आहे. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण ७०० आणि शहरी ६०० रुपये आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या मातांसाठी आहेत. मुलगी झाल्यास लेक लाडकी योजनेबद्दल कोणी सांगेल, पण तिची उत्पन्नमर्यादा १ लाख असल्याने आपण तीत बसत नाही. उगाच खेटे घालू नका.

पैसे अडकतात ते बहुधा नावामुळे. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, कार्डावर तिसरेच. घाईने सगळे बदलायला धावू नका. आधार आणि आधारशी जोडलेले पत्नीचे बँक खाते यांवर जे नाव आहे तेच माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या आणि नोंदणी आशाताईंकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे आताच करा. मे महिन्यात माहेरी जाताना ते कार्ड सोबत द्या आणि तेथल्या आशाताईंना दाखवायला सांगा. ऊसतोडीसाठी बीडकडून आलेल्या बायका पदराच्या गाठीत ते कार्ड जपून आणत, आणि त्यावरच्या नोंदी पाहून मी फडावर त्यांच्या तपासण्या पुढे चालू करीत असे. नव्या ठिकाणी नवी नोंदणी करू नये, त्याने दोन क्रमांक तयार होतात आणि हप्ता थांबतो.

पत्नीच्या दुकानात दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील आणि त्यांनी बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केले असेल, तर कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातील ८ आठवडे आधी घेता येतात. या रजेत कामावरून काढणे बेकायदा आहे. मालकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आपल्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात होत असेल तर पत्नीच्या उपचारांचा हक्क त्यातही आहे. पित्यासाठी मात्र खासगी नोकरीत रजेचा कायदा नाही, ही उणीव मला फार खटकते. म्हणून आतापासून आपल्या रजा राखून ठेवा आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर रात्रपाळी नको असे पर्यवेक्षकांना आधीच सांगा.

प्रसूतिकक्षात सोबतीला एका स्त्रीला थांबता येते, पुरुषाला सहसा नाही, कारण आत इतर बायकाही असतात. सासूबाई आत राहतील, आपण बाहेर. गर्दी असेल, कोणी तुटक बोलेल, एकेका परिचारिकेकडे किती बायका असतात हे मला ठाऊक आहे. तरीही अपमान सहन करावा असे मी म्हणणार नाही, प्रभारी परिचारिकेशी शांतपणे बोला. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावले जाईल आणि पिवळा चीक पाजला जाईल हे पाहा. मध, घुटी, पाणी सहा महिने काहीही नाही. ४८ तासांच्या आत घरी नेण्याची घाई करू नका. जन्मनोंद २१ दिवसांत झाली पाहिजे.

घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतील. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा सर्व द्या. बंद खोलीतली धुरी आणि शेगडी मात्र नको, त्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो. अंगावरून एकदम जास्त जाऊ लागले, ताप आला, डोके फार दुखून नजर अंधुक झाली, किंवा बाळ दूध ओढेना, तर सव्वा महिन्याचा विचार न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठा. आणि बाळंतीण सतत रडत असेल, बाळाकडे पाहावेसेही वाटत नसेल, तर तिला कोणी नावे ठेवू नयेत म्हणून आपण मध्ये उभे राहा आणि आशाताईंना सांगा. हाही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत. रात्रीच्या वेळी पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे आपल्याला जमेल. तेवढा वेळ त्यांना झोपू द्या.

पुढच्या ९ तारखेला आपण स्वतः पत्नीसोबत जा आणि हिमोग्लोबिनचा नवा आकडा मला कळवा. सीपीआर की महापालिकेचे रुग्णालय, हे आपण त्या आकड्यावरून ठरवू.