फिरतं किती वेळ? नव्हे, सुटतं केव्हा?

प्रश्न : काका, तीन वर्षं साध्या स्पिनिंग रिळावर फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) लावून नदीत गरवतोय. आता सेंटरपिन घ्यायचं ठरवलंय, पण खिसा बेताचा आहे. दोन रिळं मनात भरली आहेत. एकाच्या जाहिरातीत ‘एका टिचकीत पाच मिनिटं फिरतं’ असं लिहिलंय. दुसरं मी स्वतः फिरवून पाहिलं, ते पाऊण मिनिटात थांबलं. पण किंमत पहिल्याच्या निम्मी. मित्र म्हणतात, पाच मिनिटंवालंच घे, पुन्हा बघायला नको. तुम्ही काय म्हणता?
— एक वाचक

उत्तर : माझा कल पाऊण मिनिटवाल्याकडे आहे. पण लगेच पैसे मोजू नका, त्याचीही परीक्षा घ्यायची आहे.

ज्यांनी हे रीळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेंटरपिन म्हणजे तंगूस, अर्थात गरीची दोरी, गुंडाळायचं, एका पिनेवर मोकळं फिरणारं चाक. आत गिअर नाही, ड्रॅग (मासा ओढू लागला की तंगूस ताणाने सोडणारा ब्रेक) नाही. मूठ एकदा फिरवली की चाक एकदाच फिरतं. प्रवाह फ्लोटला ओढतो, फ्लोट तंगुसाला ओढतो, तंगूस चाकाला. आमिष पाण्याच्या चालीने, जणू सुटं असल्यासारखं वाहत जावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. ब्रेक म्हणजे आपला अंगठा.

आता हिशेब करू. तंगूस गुंडाळलाय तिथला व्यास साडेचार इंच धरला तर एका फेऱ्यात साधारण ३६ सेंटिमीटर तंगूस सुटतो. पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल तर चाक मिनिटाला ८४ फेरे घेणार. काठाजवळच्या संथ पाण्यात, सेकंदाला २० सेंटिमीटर वेग असेल तर जेमतेम ३३. टिचकी मारून फिरवलेलं चाक सुरुवातीला याच्या कितीतरी पट वेगाने पळत असतं. म्हणजे जाहिरातवाला ज्या वेगाने चाक फिरवून दाखवतो, त्या वेगाने ते नदीवर कधी फिरणारच नाही. बैलाची पारख शर्यतीत करायची आणि नंतर त्याला नांगराला जुंपायचं, तसलाच हा प्रकार.

शिवाय जास्त वेळ फिरवून दाखवायचा एक सोपा उपाय आहे. चाकाची कड जड करायची. जड कडेचा भोवरा जास्त वेळ फिरतो, हे आपण पोरवयात शिकलेलो असतो. पण तेच चाक जागेवरून हलायला आळशी, आणि एकदा सुटलं की थांबायलाही तयार नाही. फ्लोट पाण्यातल्या एखाद्या भोवऱ्यात क्षणभर अडला तरी चाक फिरतच राहतं आणि तंगुसाचे वेटोळे रिळाखाली लोंबायला लागतात. मासा नेमका तेव्हाच लागतो. का लागतो ते विचारू नका.

आता माझी फजिती. मी एकतीस वर्षं लेथवर काढली, त्यामुळे फिरणारी वस्तू आपल्याला कळते असा माज होता. माझं पहिलं सेंटरपिन मी घड्याळ लावूनच निवडलं. साडेतीन मिनिटं फिरलं, खूश झालो. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, चूक माझी होती. वाहत्या पाण्यात सगळं ठीक चाललं होतं. संथ पाण्यात मात्र फ्लोट उचकी दिल्यासारखा थांबायचा, मान कलती करायचा, पुन्हा निघायचा. आधी वाटलं, खाली गवत आहे. जागा बदलली, तरी तेच. शिसं कमी केलं, तरी तेच. दोन रविवार यात गेले. तिसऱ्या वेळी काठावर बसून नुसता फ्लोट बघत राहिलो तेव्हा लक्षात आलं की उचक्या मोजून मापून येताहेत, दर दीड वितीला एक. दीड वीत म्हणजे रिळाचा बरोब्बर एक फेरा! खाली पाहिलं तर प्रत्येक उचकीला मूठ तळातून वर चढायला लागलेली. एकच मूठ होती आणि तिच्या समोर नावापुरतं वजन. मूठ खाली जाताना चाक स्वतःहून पळायचं. वर चढताना मुठीचं ओझं बिचाऱ्या अडीच ग्रॅमच्या फ्लोटला उचलावं लागायचं.

घरी येऊन ड्रमच्या (म्हणजे त्या फिरणाऱ्या चाकाच्या) आतल्या अंगाला, मुठीच्या बरोब्बर समोर, चिमटीएवढं शिसं चिकटवलं. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबेपर्यंत ते शिसं कानशीने थोडं थोडं झिजवलं. पुढच्या रविवारी उचकी बंद. घड्याळात मात्र आणखी पाच सेकंदांचीही भर पडली नव्हती.

तेव्हापासून माझी परीक्षा टाचण्यांची. टाचणी म्हणजे कागदाला लावायची तारेची क्लिप, टोचायची नव्हे. रीळ काठीवर चढवा, काठी टेबलाच्या कडेला आडवी धरा, खटका (चाक अडवणारी कळ) काढा. तंगूस काठीवरच्या कड्यांमधून ओवू नका. ड्रमवरून सरळ खाली वीतभर लोंबू द्या आणि टोकाला एक क्लिप अडकवा. चाक हललं नाही तर दुसरी, मग तिसरी. कितव्या क्लिपेला चाक आपसूक सुटतं ते लिहून ठेवा. आता मूठ पाव फेरा पुढे आणून पुन्हा सगळं पहिल्यापासून. असं चारही बाजूंना करा. चार आकडे जवळजवळ सारखे आले तर तोल बरा आहे. आकडा लहान आला तर घर्षण कमी आहे. माझ्या त्या रिळाला एका बाजूला एकच क्लिप पुरत होती, समोरच्या बाजूला सहा लागत होत्या. हे विकत घेण्याआधी करता आलं असतं. क्लिपांची डबी खिशात घेऊन जायची लाज वाटत असेल तर निदान एवढं करा : रीळ उभं धरून चाक हळूच ढकला आणि थांबू द्या. दहा वेळा थांबवल्यावर दहाही वेळा मूठ खालीच येत असेल तर समजा, तोल गेलेला आहे.

तोल दुरुस्त करता येतो, म्हणून तेवढ्यावरून रीळ नाकारू नका. दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी वेगळ्या. ड्रमच्या कडेजवळ पेन्सिलीचं टोक स्थिर धरा आणि चाक सावकाश फिरवा. मधली फट कमी-जास्त होत असेल तर एक तर ड्रम गोल नाही, नाहीतर पिन वाकडी आहे. ते रीळ परत द्या. मग ड्रमची कड दोन बोटांत धरून आत-बाहेर हलवा. किंचित हालचाल चालते, पण टकटक आवाज येता कामा नये. पिनेवर केसाएवढा ढिलेपणा असला तरी कडेवर तो वाढून दिसतो, आणि अंगठा कडेवरच असतो. तिसरी गोष्ट, ड्रमची मागची कड पाठीच्या ताटात (रिळाच्या मागच्या, न फिरणाऱ्या तबकडीत) नीट बुडालेली हवी. तिथे ऐसपैस फट असेल तर वाऱ्याच्या दिवशी तंगूस मागे जाऊन पिनेला गुंडाळतो आणि सगळा ड्रम काढून बसावं लागतं. थंड बोटांनी, ओल्या गवतावर!

आता बेअरिंग की नुसती पिन? जाणकार मंडळी नुसत्या पिनेवर जीव टाकतात. पोलादी पिन आणि तिच्यावर नेमका बसवलेला बुश (पिनेवर फिरणारी छोटी नळी) असेल तर ते रीळ हलक्या स्पर्शालाही सुटतं, हे खरंच आहे. पण ते बसवणं बारकाईचं काम आहे आणि बारकाई स्वस्तात मिळत नाही. माल कापताना एक शतांश मिलिमीटर सांभाळायला किती वेळ जातो ते मला माहीत आहे. म्हणून पैसे कमी असतील तर डोळे झाकून बॉल बेअरिंगवालं घ्या. बेअरिंग ठरावीक मापाचं असतं, त्याच्या अंगावर नंबर कोरलेला असतो आणि खराब झालं तर त्याच नंबरचं दुसरं बसवता येतं. नंबरापुढची अक्षरंही वाचा. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याची झाकणं, ती आतल्या कड्याला टेकत नाहीत. ‘टू-आरएस’ म्हणजे रबरी झाकणं. ती पाणी अडवतात खरी, पण आतल्या कड्याला घासतात, आणि आपला सगळा जीव त्या घासण्यावरच अडकलेला आहे.

तुमचं पाऊण मिनिटवालं लवकर थांबलं त्याचं कारण बहुधा कारखान्यात भरलेलं घट्ट ग्रीस असणार. बेअरिंग काढता येत असेल तर काढून लायटरच्या इंधनात धुवा (विस्तवापासून लांब, खिडकी उघडी ठेवून), पूर्ण वाळू द्या आणि पातळ मशीन ऑइलचा एकच थेंब सोडा. मी सुईच्या टोकाने सोडतो. दोन थेंब घातले की पुन्हा जाडपणा येतो. एवढं करून पुन्हा क्लिपा लावा, आकडा उतरलेला दिसेल.

आकार साडेचार इंचाच्या आसपास ठेवा. त्याहून बराच लहान ड्रम असेल तर तीस मीटरवर गेलेला फ्लोट परत आणताना हात भरून येतो. साडेचारालाच ८४ फेरे होतात. (सराव झाला की कडेवर तळहाताने थापट्या मारूनच तंगूस गोळा कराल, पण पहिल्या महिन्यात नाही.) रंग, नक्षी, लाकडी मूठ, मखमली पिशवी यांच्यावर एक पैसाही घालू नका. ड्रमला भोकं असतील तर ती शोभेची समजू नका. त्यांनी वजन घटतं. वजन घटवायचा हा ध्यास जुना आहे. इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीवर नॉटिंगहॅमची मंडळी लाकडी रिळं वापरत. लाकूड भिजलं की फुगायचं आणि चाक अडायचं. १८९० च्या दशकात रेडिचच्या ऑलकॉक कंपनीने ‘एरियल’ काढलं, त्यात सायकलच्या चाकासारखे तारेचे आरे होते.

नावं विचारालच म्हणून सांगतो. नव्यात ओकुमाची ‘अव्हेंटा’ आणि ‘शेफील्ड’ ही परवडणाऱ्या गटातली मानली जातात. जुन्यात जे. डब्ल्यू. यंग यांची ‘रॅपिडेक्स’ किंवा ‘ट्रुडेक्स’ चांगल्या अवस्थेत हाती लागली तर मी नव्याकडे बघणार नाही. जुनं घेताना मात्र ड्रम काढून पिनेवरून नख फिरवा. नख अडलं तर गंजाने खड्डा पडलाय. रीळ कधी दगडावर पडलेलं असेल तर पाठीचं ताट एका बाजूला घासतं; कानाशी धरून फिरवलं की ऐकू येतं.

प्रश्न : माझ्याकडे एक जुनं फ्लाय रीळ (खोट्या माशीने गरवायचं रीळ) पडून आहे. तेच सेंटरपिन म्हणून चालेल का?
— पैसे वाचवू पाहणारा

उत्तर : चव घ्यायला चालेल. ड्रॅग पूर्ण सैल करा आणि क्लिपा लावून बघा. बहुतेक फ्लाय रिळांत खटका किंवा ड्रॅग कायमचा गुंतलेला असतो, तो पूर्ण सुटत नाही, म्हणून क्लिपांचा आकडा दोन अंकी येईल. जोरदार पाण्यात जड फ्लोट लावून तरीही मजा येते. दुसरी अडचण, ड्रमची कड चौकटीच्या आत असेल तर अंगठा ठेवायला जागाच उरत नाही. कड उघडी असलेलं असेल तर महिनाभर वापरा आणि मग ठरवा.

प्रश्न : सेंटरपिन घेऊन दोन महिने झाले. फेक आता जमते, पण तंगूस इतका पिळवटतो की नुसता सैल सोडला तरी गाठी पडतात. रीळ खराब आहे का?
— वैतागलेला

उत्तर : रीळ ठीक आहे. तुम्ही बाजूने फेकताय, म्हणजे तंगूस ड्रमच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतोय. प्रत्येक वेटोळ्यामागे एक पीळ बसतो. वीस मीटरची फेक असेल तर पंचावन्न पीळ झाले. परत गुंडाळताना ड्रम सरळ फिरतो, त्यामुळे तो पीळ उलगडत नाही. पुढच्या फेकीचा त्यावर चढतो. दिवसाला चाळीस फेकी धरल्या तर पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

छोटं स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी जोडकडी) लावून थोडा फरक पडतो, पण हलक्या फ्लोटच्या ताणाला ते पुरेसं फिरत नाही. खरा उपाय म्हणजे जवळच्या फेकीसाठी ही पद्धत सोडणं. काठीच्या पहिल्या दोन-तीन कड्यांमधून तंगुसाचे फासे डाव्या हाताने ओढून धरा, झोका द्या आणि फासे एकामागून एक सोडा. ड्रमवरून तंगूस सरळ आलेला असतो, पीळ पडतच नाही. दहा-बारा मीटर सहज जातं आणि पुढचं अंतर पाणी कापतं. आत्ता चढलेला पीळ काढायला फ्लोट, शिसं, गरी सगळं सोडून नुसता तंगूस वाहत्या पाण्यात लांबवर जाऊ द्या आणि पाच मिनिटं धरून ठेवा. परत गुंडाळताना तंगूस दोन बोटांच्या चिमटीतून येऊ द्या. आणि ड्रम काठोकाठ भरलेला असेल तर दोन-तीन मिलिमीटर कमी करा, निम्म्या गाठी त्यामुळेच पडत असतील.