वाचकांचे प्रश्न : सध्या काय वाचता?

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षक म्हणून नुकताच निवृत्त झालो आहे. नोकरीत असताना वर्षाकाठी चार-सहा पुस्तकेही वाचून होत नसत. आता वेळ हाताशी आहे, परंतु पुरस्कारांच्या याद्या आणि प्रकाशकांच्या जाहिराती पाहिल्या की कोठून सुरुवात करावी ते कळत नाही. ज्यांना वाचनाचे खरेच वेड आहे, ती माणसे सध्या काय वाचत आहेत आणि कशात रमली आहेत?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : साऱ्या महाराष्ट्राचे सांगण्याचा माझा अधिकार नाही, पण आमच्या वाचनकट्ट्यावर काय चालले आहे, ते जरूर सांगतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही आठ-दहा जण जमतो. नियम एकच आहे : पुस्तकाविषयी मत मांडण्याआधी त्यातले एक पान मोठ्याने वाचून दाखवायचे. या नियमामुळे गेल्या दोन-तीन वर्षांत आमची आवड पुष्कळ बदलली, आणि जे पान कानाला भावते, तेच पुस्तक पुढे हातोहात फिरते, असा अनुभव आला.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’चे उदाहरण घ्या. या कादंबरीला 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्यापैकी चौघांनी ती घेतली, आणि चौघांनीही पंधरा-वीस पानांनंतर बाजूला ठेवली. तिच्यातली कोल्हापूरकडची बोली डोळ्यांना अडखळवत होती. पुढे कट्ट्यावर पन्हाळ्याच्या बाजूच्या एक बाई येऊ लागल्या. त्यांनी एके दिवशी तीच कादंबरी उघडली आणि आपल्या माहेरच्या हेलात दीड पान वाचले. धरणामुळे गाव उठले, माणसे दुसरीकडे वसवली गेली, परंतु एक म्हैस मागेच राहिली आणि रानात रानटी होत गेली. तिला आणायला देवाप्पा पुन्हा त्या उजाड गावाकडे जातो, एवढाच कथेचा धागा आहे. बाईंचा आवाज त्या वाक्यांवरून जाऊ लागला, तसे आम्हाला अडणारे शब्द आपोआप उलगडू लागले. शब्दकोश कोणालाच लागला नाही. त्या महिन्यात चौघांनीही कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा वाचून संपवली. विस्थापनाविषयी आपण वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचतो. पण मागे राहिलेल्या जनावराची ओढ म्हणजे काय असते, ते मला या पुस्तकाने दाखवले.

मनोज बोरगावकर यांची ‘नदीष्ट’ ही 2019 साली आलेली कादंबरी आमच्याकडे अजूनही मागितली जाते. नांदेडच्या गोदावरीत पोहायला जाणारा निवेदक आणि नदीकाठी त्याला भेटणारी, समाजाने कडेला टाकलेली माणसे असा तिचा ऐवज आहे. पृष्ठसंख्या बेताची असल्यामुळे वाचनाची सवय मोडलेल्या माणसाने हिच्यापासून आरंभ करावा, असे मी आवर्जून सुचवीन. रंगनाथ पठारे यांचा ‘सातपाटील कुलवृत्तांत’ मात्र काही शतकांचा पट मांडणारा मोठा ग्रंथ आहे. तो पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवावा.

आणखी एक गोष्ट. आपण सातारा जिल्ह्यातले आहात, तर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळच्या भिलारला अवश्य जाऊन यावे. 4 मे 2017 पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले आहे. तेथे गावकऱ्यांच्या घरांतूनच पुस्तके मांडलेली असून, कोणीही बसून वाचू शकतो. विकत घेण्याआधी पाच-सहा पुस्तकांची दोन-दोन पाने तेथे सावकाश वाचून पाहावीत. जमल्यास हलक्या आवाजात वाचावीत. कोणते पुस्तक घरी न्यायचे, हे त्यातूनच ठरेल.

प्रश्न : माझ्या सासूबाई एकेकाळी रोज वाचनालयात जात. आता दृष्टी अधू झाल्यामुळे वाचता येत नाही, याचे त्यांना फार वाईट वाटते. मोबाइलवर पुस्तके ऐकवून पाहिली, परंतु त्यांचे मन लागले नाही. रोज अर्धा तास मी वाचून दाखवू शकते. काय वाचावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या पत्राने मनाला बरे वाटले. ध्वनिमुद्रित पुस्तकांचा उपयोग मोठा आहे, यात शंका नाही. परंतु मध्येच थांबवून ‘अगं, आमच्याकडेही असेच होते’ असे त्या आवाजाला सांगता येत नाही. आपल्या सासूबाईंना बहुधा तेच हवे असावे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (त्यांचे आत्मचरित्र) घ्यावीत, असे मी नि:शंकपणे सांगेन. सासूबाईंनी ती पूर्वी वाचली असतील, तर अधिकच चांगले. लक्ष्मीबाईंचे लग्न 1880 साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी झाले. शाळेचे शिक्षण असे त्यांना मिळालेच नाही, लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. म्हणून त्यांचे गद्य पुस्तकी वळणाचे नाही. ओटीवर बसून सांगितल्यासारखे ते येते. जलालपूरच्या माहेरघरातले वडिलांचे टोकाचे सोवळे, ज्यापायी घरात येणारी वस्तू न् वस्तू धुतली जाई, त्याचे वर्णन मनातल्या मनात वाचताना आपण हसतो आणि पुढे जातो. तेच मोठ्याने वाचताना त्या घरातल्या बायकांचे हाल आधी जाणवतात, कारण प्रत्येक कामाचा उच्चार आपल्याला करावा लागतो. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरचा लक्ष्मीबाईंचा एकाकी काळ आला की आवाज जड होईल. तेथे थांबावे, घाई करू नये. पुस्तक चार भागांत आहे, त्यामुळे रोजच्या अर्ध्या तासाला ते काही महिने सहज पुरेल.

त्यानंतर उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून मराठीत आणलेल्या एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्यांकडे वळावे. ‘वंशवृक्ष’ने आरंभ करावा आणि ‘पर्व’ नंतर घ्यावे. या अनुवादांची घडण ऐकण्यातूनच झाली आहे. उमाताईंना कन्नड ऐकून समजते, पण कन्नड लिपी त्या वाचत नाहीत. पती विरूपाक्ष मूळ कन्नड वाचून दाखवीत आणि ते ऐकत-ऐकत त्या मराठीत लिहीत. ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात त्यांनी या सहप्रवासाविषयी लिहिले आहे. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने ऐकावे, अशा घरगुती बैठकीतून एवढे मोठे काम उभे राहिले, ही हकिकत सासूबाईंना अवश्य सांगावी.

प्रश्न : आम्ही अनेक वर्षे अमेरिकेत आहोत. सतरा वर्षांच्या मुलाला मराठी चांगले बोलता येते, पण देवनागरी तो अक्षर लावून वाचतो आणि बालकथा दिल्या की त्याला कमीपणा वाटतो. त्याच्या वयाला साजेसे काही आहे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची ‘बनगरवाडी’ त्याच्या हाती द्यावी. वाक्ये लहान, कादंबरीही आटोपशीर आहे, आणि तिचा नायक राजाराम सौंदणीकर हा आपल्या मुलाहून फारसा मोठा नाही. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर तो मास्तर म्हणून जातो. पोरे मेंढरांमागे गेल्यामुळे शाळा ओस, आणि हा कोवळा मास्तर वडीलधाऱ्यांची पत्रे लिहून देतो, त्यांच्या तक्रारी ऐकतो. परक्या जागी स्वत:चे स्थान मिळवण्याची ही धडपड सतरा वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

एक पान आपण वाचावे, पुढचे त्याने वाचावे. चुकला तर लगेच दुरुस्त करू नये. वाक्य पूर्ण होऊ द्यावे, कारण बोली मराठी कानात असलेला मुलगा वाक्याच्या शेवटी आपली चूक बहुधा स्वत:च ओळखतो. मेंढवाडा, तालीम, कारभारी असे शब्द आले की तेवढ्यापुरते थांबून सांगावे. या कादंबरीचा ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ हा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. तो घरात ठेवण्यास हरकत नाही, परंतु मराठी संपेपर्यंत कपाटात असावा.

प्रश्न : सुरू केलेले पुस्तक आवडले नाही तरी ते पूर्ण करावे काय?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : सक्तीने करू नये. मात्र ते परत करण्याआधी त्यातले कोणतेही एक पान दार लावून मोठ्याने वाचावे. बाजूला ठेवलेले ‘रिंगाण’ आमच्याकडे तसेच परतले होते.