वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक का आहे? पोलिश लोकांचा आपल्या भागाशी काय संबंध?

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, त्या बातमीवरून आपण हा प्रश्न विचारला आहे. मी कोल्हापूरचा आहे आणि आमच्याकडे याचे उत्तर एका गावाच्या नावात मिळते : वळिवडे. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावरच्या या गावाशेजारी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती.

ही माणसे थेट पोलंडहून आलेली नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत संघानेही पोलंडवर आक्रमण केले आणि १९४० पासून पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे रवाना केले. पुढे हिटलरने रशियावरच चाल केल्यावर, पोलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यातील जुलै १९४१ मधील करारानुसार या लोकांची सुटका झाली, जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये सैनिक व त्यांच्यामागे आलेली कुटुंबे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. पुरुष आघाडीवर गेले. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना कोठे ठेवायचे हा प्रश्न उरला. कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोला, कोणी न्यूझीलंडला, तर काही कराचीमार्गे भारतात आले.

येथे एक दुरुस्ती करणे मला आवश्यक वाटते. ‘कोल्हापूरच्या महाराजांनी पोलंडच्या अनाथ मुलांना आश्रय दिला’ असा जो मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो, त्यात दोन वेगळ्या हकिकतींची सरमिसळ झालेली आहे. मुलांचा सांभाळ करणारे महाराज म्हणजे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. त्यांची छावणी जामनगरजवळ बालाचडी येथे होती. कोल्हापुरात राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते, गादीवर दत्तक घेतलेले बालराजे होते आणि त्यांच्या वतीने राज्य चालवणाऱ्या ताराबाई राणीसाहेबांच्या रीजन्सीकडे कारभार होता. वळिवड्याच्या वसाहतीचा खर्च लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारकडून होत असे. यामुळे कोल्हापूरचे श्रेय कमी होत नाही, कारण जागा आणि शेजार संस्थानाचाच होता. परंतु श्रेय ज्याचे त्याला द्यावे.

वसाहत म्हणजे कौलारू बराकींच्या लांबच लांब रांगा. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकगृह, मुलामुलींची स्काउट पथके असे एक आख्खे पोलिश गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसले होते. क्षयरोगी आणि अशक्त मुलांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवीत. भाजीपाला, अंडी, दूध विकायला येणाऱ्या आसपासच्या लोकांनी कामापुरती पोलिश भाषा उचलली होती. काही मुलींनी येथेच लग्ने केली आणि त्या कायमच्या राहिल्या.

युद्ध संपले तरी बहुतेकांना परत जाता आले नाही, कारण त्यांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. ते ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे विखुरले. रिकाम्या होत गेलेल्या त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहू लागले आणि त्या वसाहतीचे गांधीनगर झाले. आज तेथे कापडाचा मोठा ठोक बाजार आहे. लग्नाच्या बस्त्यासाठी आम्ही घरचे सगळे तेथे जायचो, तेव्हा कापडाच्या गाठी रचलेल्या दोन दुकानांच्या मधे एखादे बुटके, काळवंडलेले कौलारू छप्पर दिसे. ते कोणाचे, हे विचारावेसे मला कित्येक वर्षे वाटलेच नाही.

संबंध मात्र तुटले नाहीत. वळिवड्यात वाढलेल्या मुलांनी पुढे लंडनमध्ये, भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना उभारली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे, वॉर्सामधले स्मारक २०१७ मधले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू होऊन ८० वर्षे झाली त्या निमित्ताने, वळिवड्यात बालपण गेलेले काही वृद्ध पोलंडच्या परराष्ट्र उपमंत्र्यांसह तेथे येऊन गेले.

आपण कोल्हापूरला आलात तर उद्यानातला स्तंभ पाहाच, पण जमल्यास ख्रिस्ती दफनभूमीतही जा. सायबेरियातून वाचून येथपर्यंत आलेली आणि येथून पुढे कोठेच न गेलेली माणसे तेथे आहेत.