शाळेसमोर ३०चा बोर्ड आहे, गाड्या मात्र साठनेच जातात

प्रश्न : आमचा मुलगा तिसरीत आहे. शाळेचं गेट थेट मोठ्या रस्त्यावर उघडतं, रस्ता नवीन केला तेव्हापासून गाड्या नुसत्या सुसाट. आम्ही पालकांनी मागे लागून ३०चा बोर्ड लावून घेतला पण फरक शून्य. स्पीड ब्रेकर मागितला तर म्हणतात कोर्टाची बंदी आहे. आता काय करायचं?
– एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बोर्ड लावून घेतलात हे चांगलंच केलंत, पण ड्रायव्हर बोर्ड बघून नाही तर रस्ता बघून गाडी चालवतो, समोर रुंद सरळ गुळगुळीत डांबरी दिसली की पाय आपोआप दाबला जातो, त्यात तो माणूस वाईट असतो असंही नाही. त्यामुळे रस्ताच असा करायला लागतो की तिथे ३०च्या वर जावंसं वाटणारच नाही.

आधी ३०च का ते सांगतो, कारण मीटिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. पोरगं आडवं आलं तर ड्रायव्हरला ते कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा. ३०च्या स्पीडला तेवढ्यात गाडी ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्या ५ मीटरमध्ये थांबते, म्हणजे १३ मीटरमध्ये काम झालं. ५०च्या स्पीडला त्या एका सेकंदातच १४ मीटर जातात, म्हणजे जिथे ३०ची गाडी थांबलेली असते तिथे ५०च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो, पोराला धडक बसते ती पूर्ण ५०ची. २०२० साली स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यातही जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३०च सांगितलेत.

आता बोर्डाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ बघा, राज्य सरकार किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या रस्त्यावर कमी मर्यादा ठरवू शकतो आणि मग तिथे बोर्ड लागतो. तुमच्या बोर्डामागे अशी अधिसूचना आहे का हे लेखी विचारा, कारण केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर कारला वरची मर्यादा ताशी ७० आहे! शाळेसमोर ७०, विचार करूनच अंगावर काटा येतो. बोर्डामागे कागद नसेल तर दंड करायलाही अडचण.

ब्रेकरला सरसकट बंदी आहे हे काही खरं नाही. राष्ट्रीय महामार्गावर साधारणपणे देत नाहीत, पण शहरातल्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने (रस्ते कसे बांधायचे याची मानकं ठरवणारी संस्था) मापंच दिलेली आहेत, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे गाडी २५च्या आसपास आरामात जाते. आपल्याकडे रातोरात टाकतात ते अरुंद टेकाड वेगळं, त्याने मागे बसलेल्या आजींची कंबर जाते आणि त्याला ना पांढरे पट्टे ना आधी बोर्ड. मी तर म्हणेन ब्रेकर मागूच नका, उंच झेब्रा मागा. म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला आणायचं, दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा, गाडीचा स्पीडही कमी होतो आणि पोरं चढ-उतार न करता समोरून दिसतील अशी चालतात. सोबत डिव्हायडरमध्ये थांबायला जागा मागा. लहान मूल १० मीटर रुंद रस्ता ओलांडायला साधारण १० सेकंद घेतं, तेवढ्यात साठने येणारी गाडी दीडशे मीटरच्या वर अंतर कापून येते, एवढ्या लांबचा अंदाज तिसरीतल्या पोराला येत नाही हो, मोठ्यांनाही येत नाही. मधे थांबता आलं की एका वेळी एकाच बाजूला बघायचं. आणि गेटच्या दोन्ही बाजूंना टू-व्हीलर लावणं बंद करा (त्या बहुतेक आपल्या पालकांच्याच असतात), त्यांच्या आडून पोरगं बाहेर आलं की कुणालाच दिसत नाही.

अर्ज महापालिकेच्या बांधकाम विभागाला आणि वाहतूक शाखेला द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समिती त्यांच्याकडे असते. शाळा सुटतानाचा व्हिडिओ जोडा. काहीच हललं नाही तर लोकशाही दिनाला अर्ज टाका.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा राज्य मार्गाला लागून आहे. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, दिवसभर चालू. गावातल्या पोरांनी मुरूम टाकून स्वतःच ब्रेकर केला. आता एक बाई स्कूटीवरून पडल्या. काढावा का?
– एक शिक्षिका, पलूस तालुका

उत्तर : काढा मॅडम, आजच. पोरांचा हेतू चांगला होता पण परवानगीशिवाय रस्त्यावर काही टाकता येत नाही, उद्या कुणी दगावलं तर जबाबदारी गावावर येईल. शिवाय भरलेल्या दोन ट्रॉल्या मागून ढकलत असताना ट्रॅक्टर एकदम थांबत नाही, टेकाडावर आपटला की ऊस रस्त्यावर सांडतो तो वेगळाच. तिथे आधी रंबलर (रस्त्यावर आडव्या, कमी उंचीच्या पट्ट्या) लागतात, शाळेच्या बरंच अलीकडे, दोन्ही बाजूंना, म्हणजे चाकाखाली खडखड झाली की ड्रायव्हर सावध होतो. ग्रामसभेचा ठराव घेऊन सार्वजनिक बांधकामच्या उपविभागाला द्या आणि कारखान्याच्या शेती ऑफिसलाही भेटा, शाळा भरता-सुटतानाची अर्धा अर्धा तास वाहनं हळू न्यायची सूचना ते ऊसतोड टोळ्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना देऊ शकतात. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, गेट बाजूच्या गल्लीत काढता येतंय का बघा. मुलं सुटल्या सुटल्या पळत बाहेर पडतात तेव्हा समोर राज्य मार्ग नसून गल्ली असली तर निम्मी काळजी मिटते, याला कुणाची अधिसूचना लागत नाही, एक गवंडी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव पुरे.

प्रश्न : झेब्रावर नातवाला घेऊन उभी राहते, कुणी थांबतच नाही. कायद्यात काही आहे का?
– एक आजी, मिरज

उत्तर : आहे आजी. सिग्नल नसलेल्या झेब्रावर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला, गाडीनं थांबायचं, २०१७च्या वाहनचालक नियमावलीत तसं लिहिलंय. पण नियम आहे म्हणून गाडीपुढे पाऊल टाकू नका. नातवाचा हात गाड्यांच्या विरुद्ध बाजूला धरा, हात वर करा, समोरची गाडी खरंच थांबली की मगच निघा, आणि ती थांबली तरी तिच्या पलीकडून वडाप (शेअर जीप) किंवा बाईक येत नाही ना ते वाकून बघा.